साधे की प्रीमियम? एका टाकीचा हिशेब

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली, की तेथील कर्मचारी दोन प्रश्न विचारतो. "साधं की पॉवर?" आणि "कितीचं?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खिशाकडे पाहून दिले जाते. पहिल्याचे उत्तर मात्र बहुधा सवयीने, नाहीतर गाडीच्या रूपाकडे पाहून दिले जाते. मग "झिरो बघा साहेब" हे शब्द कानावर पडतात आणि आकडे धावू लागतात. मालाच्या भावात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा व्यापारीही येथे लिटरमागे सात-आठ रुपये अधिक मोजतो आणि त्या रुपयांच्या मोबदल्यात नेमके काय पदरी पडले, हे विचारीत नाही. उलट, जेथे ते रुपये मोजण्यात अर्थ असतो, तेथे कधीकधी हात आखडता घेतला जातो.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

घरात दोन गाड्या. एक आईंची छोटी गाडी, बाजारहाट आणि नातेवाइकांकडे जाण्यायेण्यासाठी घेतलेली. दुसरी चिरंजिवांनी २०२२ साली हौसेने घेतलेली, लाल रंगाची, टर्बो इंजिनाची. ती घेताना अण्णांनी फारशी कुरकुर केली नाही; मात्र "गाडी तुझ्या आवडीची, पेट्रोल माझ्या हिशेबाचं" अशी अट घातली. त्यामुळे लाल गाडीत नेमाने साधे पेट्रोल पडू लागले. आईंच्या गाडीत मात्र अण्णा स्वतः प्रीमियम भरवून आणीत. तिला रस्त्यात कुठे अडचण येऊ नये, चांगले ते घालावे, एवढीच त्यांची भावना.

२०२३ च्या मे महिन्यात घरातील पाच जण सामानासुमानासह लाल गाडीतून पुण्याहून परतत होते. ऊन कडक, वातानुकूलन पूर्ण सुरू. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडी जड झाल्यासारखी वाटू लागली. वरच्या गिअरमध्ये दाब दिला, की इंजिनाकडून बारीक टकटक ऐकू येई. चिरंजिवांनी गिअर खाली घेतला, टकटक थांबली आणि घाट पार पडला. पण घरी पोहोचेपर्यंत वाद मात्र थांबला नाही.

"अण्णा, हे साध्या पेट्रोलनं होतंय. इतकी महागडी गाडी, तिला रॉकेल पाजल्यासारखं चाललंय."

"आठ रुपयं जास्त घेतल्यानं पेट्रोल बदलत नाही, बाळ. नाव बदलतं."

दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते आणि दोघेही थोडे चुकत होते. त्यांतील चूक कोणती, हे समजून घ्यायचे तर पंपावरील त्या आकड्याचा अर्थ आधी पाहावा लागतो.

आकडा कशाचा?

सायकलमध्ये हवा भरणाऱ्या प्रत्येकाने पंपाची नळी गरम झालेली अनुभवली आहे. हवा दाबली, की ती तापते. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असेच दाबले जाते, तापते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडून पेट घेते. ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीने पसरते व पिस्टनला खाली ढकलते. परंतु दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपले आपण भडकते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजेच ती टकटक. मेकॅनिक तिला 'नॉकिंग' म्हणतात. ती जोराने व दीर्घकाळ चालू राहिली, तर पिस्टनला इजा होऊ शकते.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे हा दाब सोसण्याची पेट्रोलची क्षमता. १९२७ मध्ये ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी मोजपट्टी सुचविली. सहज न भडकणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० आणि चटकन भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य. ज्या पेट्रोलचे वर्तन ९५ भाग आयसोऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे असेल, ते ९५ ऑक्टेनचे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि प्रीमियमसाठी किमान ९५ असे आकडे ठरविलेले आहेत.

येथेच पहिला गैरसमज दूर होतो. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये शक्ती अधिक, असे नाही. ९५ च्या लिटरभर पेट्रोलमध्ये ९१ च्या पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा साठवलेली नसते. ते केवळ अधिक धीराचे असते; लवकर भडकत नाही. या धीराचा उपयोग करून घेणे इंजिनाच्या हाती आहे. ज्या इंजिनात मुळात दाबच बेताचा, त्याला अधिक धीराचे पेट्रोल देऊन काही साधत नाही. आईंची छोटी गाडी या वर्गातील. तिच्या पुस्तिकेत ९१ पुरेसे असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. अण्णांनी प्रेमापोटी मोजलेल्या जादा रुपयांतून तिच्या इंजिनाला शक्तीही मिळत नव्हती आणि मायलेजही.

लाल गाडीची गोष्ट वेगळी. टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबणारी यंत्रणा. हवा अधिक, तितके इंधन अधिक, तितका दाब अधिक. अशा इंजिनाला धीराचे पेट्रोल खरोखर उपयोगी पडते. मग ९१ घातले तर गाडी बिघडते का? बहुतेक आधुनिक गाड्यांत तसे होत नाही. इंजिनावर एक संवेदक बसवलेला असतो. तो यंत्राचा कानच म्हणावा. टकटक सुरू होताच तो गाडीच्या संगणकाला कळवितो आणि संगणक ठिणगीची वेळ किंचित पुढे ढकलतो. इंजिन वाचते, पण त्याची ताकद थोडी कमी होते. खंबाटकीच्या चढावर पाच माणसांचा भार, मे महिन्याची उष्णता आणि वरचा गिअर हे सारे एकत्र आल्याने गाडी जड वाटली, ती यामुळे. गिअर खाली घेताच इंजिनावरील ताण हलका झाला आणि टकटक थांबली. म्हणजे चिरंजिवांनी त्या क्षणी केले ते योग्यच होते.

धीराची जुनी किंमत

पेट्रोलचा धीर वाढविण्याची खटपट शंभर वर्षांची आहे आणि तिचा आरंभ फारसा गौरवास्पद नाही. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात मिसळल्यास टकटक थांबते, असे आढळले. १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे ते पेट्रोल 'एथिल' या नावाने विक्रीस आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात त्या संयुगाच्या विषबाधेने कामगार दगावले. तरीही पुढील अनेक दशके जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत मिसळत राहिले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो, हे सिद्ध झाल्यावर एकेका देशाने ते बंद केले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. या शर्यतीत सर्वांत शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये शिशाचे पेट्रोल थांबविले. आज ऑक्टेन वाढविण्यासाठी शुद्धीकरणाच्या सुधारित प्रक्रिया आणि इथेनॉलसारखे घटक वापरले जातात. प्रीमियमचा भाव अधिक असण्यामागे हा खर्च आहे, त्यात मिसळलेली इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये आहेत, ब्रँडेड पेट्रोलवर आकारले जात आलेले अधिक अबकारी शुल्क आहे आणि अर्थातच जाहिरातही आहे.

अमेरिकेतून आलेला फोन

सांगलीच्या घरातील वाद रविवारच्या फोनवर अमेरिकेतील कन्येच्या कानी गेला. "अण्णा, आमच्याकडे तर साधं पेट्रोल ८७ चं असतं," असे तिने सांगताच अण्णांना जोर चढला. "बघ! अमेरिकेत ८७ वर गाड्या पळतात आणि आमच्या बाळाला ९५ पाहिजे."

पण ही तुलना फसवी आहे. ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एक सौम्य परिस्थितीतील व एक कठोर परिस्थितीतील. भारत व युरोपात पंपावर सौम्य पद्धतीचा आकडा दाखविला जातो, अमेरिकेत दोहोंची सरासरी. त्यामुळे तेथील ८७ हे आपल्या ९१ च्या जवळपासच असते आणि तेथे प्रीमियम म्हणून विकले जाणारे ९१ ते ९३ हे आपल्या ९५ च्या वर जाते. परदेशी गाडीची माहिती वाचताना किंवा तिकडच्या नातलगांचा सल्ला घेताना हा फरक ध्यानात न घेतल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो.

अमेरिकेतील अनुभव मात्र दुसऱ्या कारणाने उपयोगी आहे. तेथे या प्रश्नाचा हिशेब मांडला गेला आहे. ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये असा अंदाज काढला, की साध्या पेट्रोलसाठीच बनविलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून तेथील १ कोटी ६५ लाख चालकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलर वाया घालविले. आईंच्या गाडीचेच हे मोठ्या प्रमाणावरील चित्र. त्याआधी १९९७ मध्ये तेथील व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार एक्झॉन कंपनीला बहुतेक गाड्यांना साधे पेट्रोल पुरते, अशी जाहिरात स्वतः करावी लागली होती.

२०१७ मध्ये त्याच संघटनेने ज्या गाड्यांना प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या. प्रीमियमने त्यांचे मायलेज सरासरी २.७ टक्के आणि शक्ती सरासरी १.४ टक्के वाढली. शक्तीतील सर्वाधिक लाभ फोर्ड मस्टँग या स्पोर्टी गाडीला झाला, तो ३.२ टक्के. काही गाड्यांत फरक जवळजवळ शून्य होता. माझदा कंपनीने तर आपल्या अडीच लिटरच्या टर्बो इंजिनासाठी स्वतःच दोन आकडे जाहीर केले होते: साध्या पेट्रोलवर २२७ अश्वशक्ती, प्रीमियमवर २५०. गाडी एकच, इंजिन एकच. फरक केवळ टाकीतील द्रवाचा. म्हणजे स्पोर्टी गाडीला प्रीमियमचा लाभ होतो हे खरे, पण किती होतो हे इंजिनागणिक बदलते.

पुस्तिका आणि वही

वादाला तोंड फोडले अण्णांनी व चिरंजिवांनी. मिटविले मात्र आईंनी. "अहो, गाडीसोबत पुस्तक दिलंय ना? दोघांपैकी एकानं तरी उघडलंय का ते?" दोघांनीही उघडलेले नव्हते. लाल गाडीच्या पुस्तिकेत लिहिले होते, की ९५ ऑक्टेनची शिफारस आहे. ९१ चालेल, परंतु शक्ती किंचित कमी मिळेल. टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस हेच दोन आकडे चिकटवलेले होते. दर आठवड्याला ते झाकण उघडत होते आणि ते आकडे कोणी वाचले नव्हते.

इंधनाबाबत गाड्यांचे तीन वर्ग पडतात, हे येथे लक्षात घ्यावे. काही गाड्यांना साधे पुरते. त्यांत प्रीमियम भरणे व्यर्थ. काहींना प्रीमियमची शिफारस असते; तेथे निवड मालकाची, आणि तिचा हिशेब करता येतो. काहींना, विशेषतः अत्युच्च शक्तीच्या महागड्या गाड्यांना, किमान ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेन सक्तीचे असते. तेथे काटकसर करणे म्हणजे इंजिनाची आणि वॉरंटीची जोखीम स्वतःवर ओढवून घेणे होय.

लाल गाडी दुसऱ्या वर्गातील असल्याने अण्णांनी वही काढली. भाव सोयीसाठी साधे १०६ आणि प्रीमियम ११४ असे धरले. गाडी वर्षाला १२,६०० किलोमीटर चालते, लिटरला १४ देते. म्हणजे ९०० लिटर, ९५,४०० रुपये. प्रीमियमने मायलेज २.७ टक्के वाढले असे मानले, तर सुमारे ८७६ लिटर पुरे होतील. त्यांचे जवळपास ९९,९०० रुपये. म्हणजे मायलेजमधील लाभ वजा जाताही वर्षाकाठी सुमारे साडेचार हजार रुपये अधिक. भावातील फरक साडेसात टक्के आणि मायलेजमधील वाढ पावणेतीन टक्के, तेव्हा प्रीमियम स्वतःचा खर्च स्वतः भरून काढत नाही. चिरंजिवांचा "मायलेजमध्ये वसूल होतं" हा दावा वहीत टिकला नाही.

त्यांनी आणखी एक मार्ग सुचविला. "दुकानाच्या खर्चात टाकू, म्हणजे जीएसटीचं क्रेडिट तरी मिळेल." तेही शक्य नव्हते. पेट्रोल जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर अबकारी शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो, इनपुट क्रेडिट मिळत नाही. जादा दिलेला रुपया पूर्णपणे आपल्याच खिशातून जातो.

मग अण्णांनी पान उलटले आणि आईंच्या गाडीचा हिशेब मांडला. वर्षाला ९,००० किलोमीटर, लिटरला १८. म्हणजे ५०० लिटर. लिटरमागे आठ रुपयांप्रमाणे ४,००० रुपये, आणि त्यांच्या बदल्यात ना शक्ती, ना मायलेज. अण्णा काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. ज्या गाडीला गरज नव्हती तिच्यावर ते वर्षाला चार हजार खर्च करीत होते आणि जिच्या निर्मात्याने शिफारस केली होती तिच्यासाठी साडेचार हजारांचा वाद घालत होते.

"तुझ्या गाडीत ९५ घाल," ते म्हणाले. "हिच्या गाडीत साधं. वरचे पाचशे माझ्याकडून."

"मला वाटत होतं, मला चांगलं पेट्रोल मिळतंय," आई म्हणाल्या. "चांगलंच मिळत होतं," चिरंजीव म्हणाले, "फक्त गाडीला त्याचा उपयोग नव्हता."

यानंतर चिरंजिवांच्या मनात थेट १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरण्याचा विचार आला. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये असे पेट्रोल बाजारात आणले, तेव्हा दिल्लीतील त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. परंतु ज्या इंजिनाची जुळणी ९५ साठी केलेली आहे, त्याला १०० देऊन विशेष काही हाती लागत नाही. हळदीच्या बाजारात वाढलेल्या त्या मुलाला हे समजावणे कठीण गेले नाही. ज्या गिऱ्हाइकाला घरगुती मसाल्यासाठी हळद हवी, त्याच्या गळ्यात औषध कंपनीसाठी निवडलेला माल मारता येईल. पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

इथेनॉलने बदललेले गणित

वहीतील हे पान दोन वर्षे टिकले. दरम्यान पेट्रोलच बदलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री काही पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच अधिक, सुमारे १०८ असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले, की वीस टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आता ९५ पर्यंत गेला आहे.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या गाडीला ९५ हवे, तिला ते साध्या नळीतूनच मिळत असेल, तर केवळ ऑक्टेनसाठी प्रीमियम घेण्याचे कारण उरत नाही. उरतात ती त्यातील इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये. मात्र दुसरी बाजूही पाहावी. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ही घट सहा ते सात टक्के आणि वीस टक्क्यांसाठी जुळणी केलेल्या नव्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के असा अंदाज दिलेला आहे. महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉलविरहित पेट्रोल, असेही गृहीत धरू नये. पंपावरील फलक वाचावा आणि शंका असल्यास व्यवस्थापकाला विचारावे.

ज्या वाचकांच्या घरी मुलामुलींनी अशी वेगवान गाडी आणली असेल, त्यांनी एवढे करावे. टाकीच्या झाकणामागचा आकडा व पुस्तिकेतील शब्द वाचावेत. 'शिफारस' आहे की 'सक्ती', हे पाहावे. शिफारस असेल तर दोन-तीन टाक्या साधे आणि दोन-तीन टाक्या प्रीमियम भरून, त्याच रस्त्यावर, किलोमीटर व लिटर लिहून ठेवावेत. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, कारण गाडीच्या संगणकालाही जुळवून घेण्यास वेळ लागतो. चढावर टकटक झाली, तर गिअर खाली घ्यावा. योग्य पेट्रोल घालूनही ती थांबत नसेल, तर दोष इंधनाचा नसून इंजिनात साचलेल्या कार्बनचा किंवा स्पार्क प्लगचा असू शकतो. अशा वेळी अधिक महाग पेट्रोल शोधण्यापेक्षा कार्यशाळेत जावे.

सांगलीच्या घरातील चिरंजिवांनी हेच केले. दोन टाक्या साध्या पेट्रोलवर पुण्याला जाऊन आले, परतताना तोच घाट, गाडीत तेवढीच माणसे. टकटक ऐकू आली नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच अण्णांची वही मागितली आणि जुन्या पानाखाली नवी तारीख घालून साध्या पेट्रोलची पहिली नोंद केली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, "लिटर किती, ते लिहिलंस का?"

लिहिलेले होते.